चौदाव्या मजल्यावरचा बिंबिसार

"परत बोल," असं म्हणून मोठेपप्पांनी जाळीतून हात बाहेर काढला आणि माझा कान पकडला.

"आई गं! सोडा ना!"

"अजातशत्रू आई गं बोलतो का? परत बोल."

मी बाहेर, पॅसेजमध्ये. ते आत, सेफ्टी डोअरच्या मागे, लुंगी-बनियनवर, आणि डोक्यावर मुकुट. जाळीला बाहेरून कुलूप. माझ्या कोपरात हेल्मेट अडकवलेलं, पाठीवर पार्सलची बॅग, पवईच्या ऑर्डरला उशीर होत होता. मी बोलली, "राज्यात राजा एकच असतो. दुसरा जिवंत असला की पहिल्याला झोप लागत नाही."

"मग झोप न लागल्यासारखी बोल. तू तर आत्ताच झोपून उठल्यासारखी बोलतेस."

समोरच्या दारातून चंपामावशी कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कुलपाकडे.

"काय गं दर्शना, तालीम चाललीय की खरंच कोंडलंय राजाला?"

"दोन्ही," मोठेपप्पा आतून बोलले.

मोठेपप्पा म्हणजे माझ्या पप्पांचे मोठे भाऊ, कुंडलिक हिवाळे. पण हे नाव कोणाला माहीत नाही. नाहूर स्टेशनच्या मागे झोपड्या तोडून टॉवर बांधले, त्यातल्या आमच्या टॉवरखाली येऊन हिवाळे कुठे राहतात विचारलंत तर वॉचमन पण डोकं खाजवेल. राजा कुठे राहतो विचारा, मग शेंबडं पोर पण बोट वर करेल. चौदावा मजला.

मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरात सगळ्यांनी मला शिव्या घातल्या, फक्त यांनी नाही. बोलले, "वेल्डिंग शिकतेस का?" मी बोलली, डोळे जातात. "मग अजातशत्रू हो," बोलले. म्हणून मी त्यांच्याबद्दल कोणाचं काही ऐकून घेत नाही. आधीच सांगून ठेवते.

ते वेल्डर होते. गाव जालन्याकडचं. दुष्काळात आजोबांचा हात धरून मुंबईत आले ते इथलेच झाले. भांडुपच्या एका कारखान्यात काम शिकले. कारखाना बंद पडल्यावर रोडच्या कडेला शेड टाकून ग्रिल बनवायला लागले. डोळे कायम लाल. घरी आले की बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून आडवे व्हायचे. आणि खिशात गूळ. धुराने घसा धरतो म्हणून सगळेच वेल्डर गूळ खातात, पण यांना त्याचं व्यसनच होतं. टॉवरमध्ये रूम मिळाल्या तेव्हा निम्म्या बिल्डिंगची सेफ्टी डोअरं त्यांनी आणि त्यांचा चेला खंडू, दोघांनी बनवली. स्वतःच्या घराचं पण त्यांनीच बनवलं. म्हणजे ज्या जाळीच्या मागे ते उभे होते ती त्यांच्याच हातची. चंपामावशी याची सारखी आठवण करून द्यायच्या, जसं काय आम्हाला माहीतच नाही.

आता नाटकाचं. बिंबिसाराची गोष्ट कोणाला माहीत नसेल तर ऐका, आमच्याकडे ती अशी सांगतात. बिंबिसार मगधाचा राजा, भगवान बुद्धांना मानणारा. त्याचा मुलगा अजातशत्रू, त्याला गादीची घाई. कोणीतरी त्याचे कान भरले की बाप मरेपर्यंत तुझा नंबर काय लागत नाही. बापाला कळलं तर त्याने गादी अशीच देऊन टाकली, घे बोलला. तरी मुलाला टेन्शन, जिवंत बाप कधी पण परत मागेल. म्हणून त्याला कोंडला. जेवण बंद. फक्त राणीला भेटायची परवानगी. राणी अंगाला मध लावून जायची आणि राजा तेवढ्यावर जगायचा. ते कळल्यावर राणी पण बंद. तरी राजा मरेना, कारण तो कोठडीत चालत राहायचा. चालता चालता ध्यान. मग मुलाने न्हावी पाठवला, राजाचे तळपाय कापायला. आणि त्याच दिवशी अजातशत्रूला स्वतःला मुलगा झाला. बाळ हातात घेतल्यावर त्याला कळलं बाप काय असतो. पळत सुटला दार उघडायला. उशीर झाला होता.

झोपड्या होत्या तेव्हापासून दर बुद्ध पौर्णिमेला विहारासमोर हे नाटक. मोठेपप्पांनीच बसवलेलं, सगळं तोंडी. पिंजरा कारखान्याच्या भंगारातल्या सळ्यांचा, खराखुरा लोखंडी. लोक बोलायचे, बांबूचा करा ना राजे, उचलायला हलका. हे बोलायचे, मगधाच्या राजाला बांबूत कोंडतात का? मुकुट तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा, त्याला सोनेरी रंग. घातला की कपाळावर वळ उठायचा.

एका वर्षी पिंजऱ्याची किल्ली हरवली. खंडू पहारेकऱ्याचं काम करायचा. किल्ली त्याच्या कंबरपट्ट्यात, ती त्याने नाचता नाचता कुठेतरी पाडली. पहारेकऱ्याला नाच कशाला, हा प्रश्न मी पण विचारलाय. नाटक संपलं, लोक टाळ्या वाजवून गेले, खुर्च्या उचलल्या, आणि राजा आतच. त्यांनी पिंजऱ्यातच खीर खाल्ली. पोरं लांबून बघून जायची, जसा काय राणीच्या बागेतला वाघ. शेवटी खंडूने कटर आणून कुलूप कापलं. दुसऱ्या दिवशी मोठेपप्पांनी पिंजऱ्याच्या दाराच्या बिजागऱ्या बदलल्या, अशा की त्यांच्या पिना आतल्या बाजूने निघतील. कुलूप बाहेर लटकू दे तसंच. आतून पिना वर ओढल्या की अख्खं दार हातात.

खंडू बोलला, "उस्ताद, पिंजऱ्याला असलं कोण करतं?"

"आत कोण असणार ते मला माहीत आहे ना," हे बोलले.

आमच्या नाटकात एक रिवाज आहे. पडदा उघडायच्या आधी अजातशत्रू करणाऱ्याने बिंबिसाराच्या पाया पडायचं आणि बोलायचं, "आता जे करणार आहे त्याची माफी." राजाने बोलायचं, "दिली." हे झाल्याशिवाय नाटक सुरू होत नाही. बाकी जगात आधी चूक आणि मग माफी, आमच्यात उलटं.

चैतन्यदादा, त्यांचा एकुलता एक मुलगा, बारा वर्षांचा असल्यापासून अजातशत्रू करायचा. लय भारी करायचा, तोच प्रॉब्लेम झाला. बायका बसल्या जागेवरून त्याला शिव्या द्यायच्या. शाळेत पोरं ओरडायची, बापाला मारणारा आला रे. वाण्याकडे साखर आणायला गेला तरी वाणी विचारणार, "बापाला जेवायला दिलंस का?" मस्करीच सगळी. कॉलेजात गेल्यावर एक दिवस त्याने सांगितलं, मी नाही करणार. मोठेपप्पांनी कारण विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. ती जागा मला मिळाली.

आज जो अजातशत्रू करतो तो पुढे राजा होणार, हे ठरलेलं. पण आता अजातशत्रू झाले दोन. एक सोडून गेलेला, पण राजाचा सख्खा मुलगा. दुसरी मी, पुतणी, ती पण शाळा सोडलेली. मुकुट कोणाला, यावर मंडळात दोन पार्ट्या पडल्या. चहाच्या टपरीवर याच्यावरून भांडणं. मोठेपप्पा कोणाचंच नाव घेत नव्हते. विचारलं की गूळ तोंडात टाकायचे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये लिफ्ट बंद पडली. बिल्डर बोलतो सोसायटीने बघायचं, सोसायटी बोलते बिल्डरने. मोठेपप्पांच्या गुडघ्यांची आधीच वाट लागलेली, त्यात शुगर. मंडळाची मीटिंग होती, नवा अध्यक्ष निवडायचा होता. हे कोणाला न सांगता जिन्याने खाली निघाले. नवव्या मजल्यावर पडले. भर दुपार, जिन्यात कुत्रं नाही. दादा मीटिंगसाठी कामावरून लवकर आला, कपडे बदलायला वर चढत होता, तेव्हा त्याला दिसले. तो बापाचं डोकं मांडीवर घेऊन जिन्यात बसला आणि खाली मीटिंगमध्ये लोकांनी त्यालाच अध्यक्ष करून टाकलं. राजाचा मुलगा म्हणून.

डॉक्टर बोलले, जिना बंद म्हणजे बंद. दादाने दोन गोष्टी केल्या. मंडळात सांगितलं, यंदा नाटक नाही, गाण्यांचा प्रोग्राम करू आणि मोठा स्क्रीन लावू. आणि घराच्या जाळीला कुलूप घातलं. दादा पवईच्या ऑफिसात, श्रुतिकावहिनी मुलुंडला लॅबमध्ये, दिवसभर घरात कोण नाही. लाकडी दार उघडं, म्हणजे हवा येते, शेजारी दिसतात. पण जाळी बंद. दोन किल्ल्या, एक दादाकडे, एक वहिनीकडे.

खाली एकच चर्चा. गादी घेतली, बापाला कोंडला. निघालाच शेवटी अजातशत्रू. मी पण तेच बोलत होती, आणि सगळ्यांपेक्षा जोरात.

मी रोज दुपारी जायची. चौदा मजले चढणं मला काय नवीन नाही, कामच ते आहे. ते आत चालत असायचे. किचनच्या ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून जाळीपर्यंत, भिंतीला हात लावून. स्लीपरचा आवाज, एक पाय नीट आणि एक घासत. मी येईपर्यंत चालायचे, मी गेल्यावर परत चालायचे. मला ते बघवायचं नाही, खरं सांगते. मी काहीतरी भंकस करायची आणि ते हसायचे, पण त्यांचा हात जाळीच्या सळीवर असायचा आणि अंगठा वेल्डिंगच्या जोडावरून फिरत असायचा, जसं आपण एखादा जुना घाव चाचपतो.

जाळीतून जे जाईल ते मी आणायची. गूळ तर ठरलेला, वहिनीने शुगर म्हणून बंद केलेला. चंपामावशी ओरडायच्या, "आली बघा राणी, मध घेऊन!" एकदा कैरी. एकदा पावशेर शेव. एकदा त्यांनी शिलाई मशीनचं तेल मागितलं. मला वाटलं पंखा आवाज करतोय. मुलुंडहून बाटली आणली आणि दिली.

एका संध्याकाळी दादा जिन्यात सापडला. दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या, शर्ट घामाने चिकटलेला. नवव्या मजल्यावर दम खात उभा होता. मी वरून उतरत होती.

"किल्ली दे," मी बोलली.

"जयभीम बोलायची पद्धत असते दर्शू."

"जयभीम. किल्ली दे."

"नाही देणार."

"लाज वाटत नाही? माणूस आहे तो. पोपट नाही पिंजऱ्यात ठेवायला."

त्याने पिशव्या खाली ठेवल्या. "ही जागा बघ," बोलला. "इथे पडलेले. या कोपऱ्यात. लुंगी ओली झालेली. मला बघून काय बोलले माहितीय? कोणाला सांगू नको. तू कुठे होतीस तेव्हा? डिलिव्हरीवर. आणि मी नसतो आलो तर?"

"म्हणून कुलूप?"

"मग काय करू? सांगून ऐकतात? तू ऐकवून दाखव. कुलपाच्या आधी दोन वेळा परत निघालेले, तुझ्या वहिनीने सहाव्या मजल्यावरून परत आणलं. मला नोकरी सोडता येत नाही, लिफ्ट माझ्या बापाची नाही." मग एकदम हसला, पण चांगलं नाही. "बोल ना, तू पण बोल. खाली सगळे बोलतात. मी बारा वर्षांचा होतो तेव्हापासून ही लोकं मला बापाचा खुनी बोलतात. मी नाटक सोडलं तरी नाटक मला सोडत नाही यार."

मी बोलली, "पौर्णिमेला राजाला खाली आणायचंच," आणि धाडधाड उतरली. मागून त्याने पिशव्या उचलल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी खंडूकडून कटर मागून आणला आणि जाळीसमोर उभी राहिली. "सरका मागे," मी बोलली. "दोन मिनिटांचं काम. पोरांना सांगितलंय, खुर्चीत बसवून खाली नेऊ."

मोठेपप्पांनी कटरकडे बघितलं. "खंडूचा आहे ना? पातं बोथट आहे. साला कधी बदलत नाही."

"मोठेपप्पा!"

"कुलपाला हात लावलास तर मुकुट विसर."

"मुकुट गेला खड्ड्यात. तुम्हाला खाली यायचं नाही?"

"यायचंय. गेल्या जन्मापासून यायचंय." ते जाळीला टेकले, इतके जवळ की कपाळावर सळ्यांचे ठसे उठले. "पहारेकऱ्याचा सीन बोलून दाखव."

मला तो सीन आवडत नाही, आधीपासून. रात्री पहारेकरी येतो आणि बोलतो, महाराज, दार उघडं टाकतो, पहाटेच्या आत नदीपार व्हा. आणि राजा जातच नाही. मी दर वर्षी विंगेत उभी राहून चिडायची. अरे जा ना येड्या! मी खंडूचं वाक्य बोलली, जसं तसं.

मोठेपप्पा राजाचं वाक्य बोलले. हळू, शेजारी ऐकू जाणार नाही असं. "मी पळालो तर तो जन्मभर, ज्याचा बाप पळाला असा मुलगा राहील. दार त्याने लावलंय. त्यालाच उघडू दे."

"आणि नाही उघडलं तर?"

"मग मी चालेन," बोलले, आणि वळून चालायला लागले. ओट्याकडे.

मी कटर खंडूला परत नेऊन दिला आणि त्याच्यावरच ओरडली, पातं बोथट आहे म्हणून. तो बिचारा काय करणार?

पौर्णिमेच्या दिवशी सकाळपासून विहारासमोर मंडप, पांढरी फुलं, खिरीचं पातेलं. दादा अध्यक्ष, सगळीकडे तोच पळत होता. संध्याकाळी मी आणि खंडूने पोरं गोळा करून गोडाऊनमधून पिंजरा बाहेर काढला. दादाने बघितलं.

"हे काय?"

"नाटक."

"राजा कुठून आणणार?"

"वरून," मी बोलली आणि माझा मोबाईल दाखवला.

त्याने कपाळाला हात लावला. चार लोक बघत होते, त्यातली एक बाई बोललीच, "करू दे की रे, बापाला कोंडलास, आता नाटक पण कोंडतोस काय?" दादाचा चेहरा पांढरा पडला. "करा," बोलला आणि साउंडवाल्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

मी अजातशत्रूच्या कपड्यात चौदा मजले चढली. मोठेपप्पा तयार होते. इस्त्रीचं धोतर, वहिनीने नेसवलेलं, आणि मुकुट. वहिनीला खाली खिरीच्या वाटपाला बोलावलेलं, म्हणून कुलूप परत लागलेलं. मला मुकुट तरी खाली न्यायचा होता, पिंजऱ्यात स्टुलावर ठेवायला. पण तो जाळीतून निघेना. आडवा करून बघितला, उभा करून बघितला.

"राहू दे," बोलले. "राजा आहे तिथेच मुकुट असू दे."

पाया पडायला मी खाली वाकली. हात जाळीतून जेमतेम त्यांच्या अंगठ्याला लागला. "आता जे करणार आहे त्याची माफी."

"दिली. पळ. आणि झोप न लागल्यासारखी बोल."

पिंजऱ्यात स्टूल, स्टुलावर माझा मोबाईल, लाईनवर मोठेपप्पा, मोबाईलला रबरबँडने माईक बांधलेला. मला वाटलेलं लोक हसतील, आणि सुरुवातीला हसले पण. मग आवाज आला. "अजातशत्रू, गादी मी तुला दिली होती. मग हे कशाला?" तेव्हा हसणं बंद झालं. मी रिकाम्या पिंजऱ्याला कुलूप लावलं.

पहारेकऱ्याचा सीन आला. खंडू बोलला, महाराज, दार उघडं टाकतो. स्पीकरमधून राजा बोलला, "दार त्याने लावलंय. त्यालाच उघडू दे." याच्या पुढे त्यांची अजून चार वाक्यं होती. ती आलीच नाहीत. त्याच्या जागी स्लीपरचा आवाज आला. एक पाय नीट, एक घासत. पूर्ण कंपाउंडमध्ये, मोठमोठ्या स्पीकरमधून, एक म्हातारा माणूस चालत होता. लांब जायचा, परत जवळ यायचा. खीर वाटणाऱ्या बायका थांबल्या.

साउंडवाल्याच्या बाजूला बघितलं तर दादा नव्हता.

चौदा मजले चढायला वेळ लागतो. तेवढा वेळ सगळे ते चालणं ऐकत बसले, कोण उठलं नाही. मग स्पीकरमध्ये धापा टाकल्याचा आवाज आला. कुलपात किल्ली फिरली. ती जाळी उघडताना लय करकरायची, खालच्या मजल्यावर पण कळायचं दार उघडलं ते. पण त्या दिवशी करकर आलीच नाही. मला वाटलं माईकने पकडलं नसेल.

"पप्पा." दादाचा आवाज. "पप्पा, चला. मी उचलून नेतो."

"गप. दम खा आधी. पाणी पी."

"माफ करा मला."

"ती दिलेली आहे," मोठेपप्पा बोलले. "तू अजातशत्रू होतास तेव्हा दर वर्षी दिली. काय कमी पडली काय?"

मग नाक ओढल्याचा आवाज आणि त्यावर मोठेपप्पा, एकदम वेगळ्या सुरात, "अरे येड्या, फोन चालू आहे!" आणि कट.

नाटकाचा शेवट मी एकटीने केला. अजातशत्रू पळत येतो, दार उघडतो, आत राजा मेलेला. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या माना वर, चौदाव्या मजल्याच्या खिडकीकडे.

मी वर गेली तेव्हा जाळी सताड उघडी. बाप आणि मुलगा उंबऱ्यात बसलेले, दादा त्यांच्या गुडघ्याला मलम चोळत होता आणि मोठेपप्पा त्याच्या नाकासमोर गूळ खात होते. मला बघून त्यांनी मुकुट काढला आणि माझ्या डोक्यावर आपटला.

"हा हिला," दादाला बोलले. "तुला राज्य मिळालंय ना, अध्यक्षसाहेब? मग पत्रा हिला."

"मला नकोच होता तो पत्रा," दादा बोलला, आणि खूप वर्षांनी तो मला खरा हसताना दिसला.

कुलूप परत लागलं नाही. पण लिफ्ट पण लागली नाही. दादा उचलून नेतो बोलला तर हे बोलले, राजाला पोत्यासारखा नेतोस काय. ते त्यानंतर खाली आलेच नाहीत. जाळी उघडी ठेवून पॅसेजमध्ये चालायचे, चंपामावशींच्या दारापर्यंत आणि परत. मी कोणी भेटेल त्याला दम देऊन ठेवला, दादाला अजातशत्रू बोलायचं नाही. बोलायचं असेल तर मला बोला, मीच आहे ना. थंडीत एका सकाळी ते झोपेतच गेले. आम्ही त्यांना खुर्चीला बांधून जिन्याने उतरवलं. नवव्या मजल्यावर दादा थांबला, कोपऱ्याकडे बघितलं आणि पुढे निघाला. दीड महिन्यात लिफ्ट चालू झाली.

या पौर्णिमेला पिंजऱ्यात मी होती. त्याच्या आधी दादाने घराला रंग काढला आणि जाळी गंजली म्हणून खंडूला बोलावलं, नवीन बसवायला. मी मदतीला गेली. खंडू आतून जाळी बघत होता. एकदम तो खाली वाकला. मग बोलला, "दर्शना, बाहेरून कुलूप लाव जरा."

"कशाला?"

"लाव ना."

मी लावलं. ओढून बघितलं, पक्कं. खंडू आत बसला आणि दोन बोटांनी बिजागरीची पिन वर ओढली. लोण्यातून यावी तशी आली. मग मधली. मग वरची. कुलूप कडीला लटकतच होतं आणि अख्खं दार त्याच्या हातात होतं.

"निम्म्या बिल्डिंगची दारं आम्ही दोघांनी बनवली," खंडू बोलला. "असली पिन कुठेच नाही टाकली आम्ही." त्याने एक पिन अंगठ्याने पुसली आणि तो अंगठा माझ्या नाकाजवळ धरला.

शिलाई मशीनचं तेल.